निकेलचा माग : कार्ल झिग्लर आणि धातू-कार्बनाचे रसायन



आजच्या व्याख्यानासाठी मी विषय म्हणून एक माणूस निवडला आहे. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचे नाव ठाऊक असते, पण ते ‘झिग्लर-नात्ता उत्प्रेरक’ अशा जोडनावातून. परीक्षेत त्यावर चार-पाच गुणांचा प्रश्न येतो. टायटॅनियम टेट्राक्लोराइड, ट्रायइथिल अॅल्युमिनियम, एक अभिक्रिया लिहिली की झाले. सोबत एक गोष्टही सांगितली जाते. पोलादी पात्रात नकळत निकेल राहिले, प्रयोग फसला आणि त्यातून प्लॅस्टिकचे युग आले. गोष्ट खोटी नाही. पण ती इतक्या वेळा आणि इतकी आखडून सांगितली गेली आहे की ऐकणाऱ्याला वाटावे, नोबेल पारितोषिक मिळवायला भांडी नीट न घासणे पुरेसे आहे.

माझे म्हणणे असे की कार्ल झिग्लर यांनी जवळजवळ तीस वर्षे एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि निकेल त्या वाटेवर उशिरा भेटले. प्रश्न साधा होता. कार्बनाला धातू चिकटवला आणि तो रेणू दुहेरी बंध असलेल्या दुसऱ्या रेणूसमोर आणला तर काय होते? १९२७ साली या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांना एका काचेच्या भांड्यात रंग बदलताना मिळाले. १९५३ साली मिळालेल्या उत्तराने जगातले कारखाने बदलले. मधल्या काळात काय घडले ते आज मला सांगायचे आहे.

आधी थोडे रसायन. श्रोत्यांत इतर विषयांची मंडळी आहेत, त्यांना मी फार छळणार नाही. सेंद्रिय संयुगांत कार्बन बहुधा हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन यांना जोडलेला असतो. क्लोरीन किंवा ऑक्सिजनशी बंध असला की इलेक्ट्रॉन कार्बनापासून दूर ओढले जातात. धातूशी बंध असला की उलटे होते. धातू इलेक्ट्रॉन सोडायला राजी असतो, ते कार्बनाकडे झुकतात आणि तो कार्बन कमालीचा क्रियाशील बनतो. एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८४९ मध्ये जस्ताची अशी संयुगे तयार केली. ती हवेत आपोआप पेट घेत. १९०० मध्ये फ्रान्समध्ये व्हिक्टर ग्रीन्यार यांनी मॅग्नेशियमची संयुगे इथरमध्ये बनवून दाखवली, ती हाताळायला बरीच सोपी होती. त्यांना १९१२ चे नोबेल मिळाले आणि ग्रीन्यार अभिक्रिया जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापराची झाली. झिग्लर संशोधनात आले तेव्हा या प्रांताची स्थिती ही होती. मॅग्नेशियम घरचे झाले होते. पोटॅशियम, सोडियम, लिथियम यांची संयुगे माहीत होती, पण त्यांच्या वाटेला जाणारे थोडे.

झिग्लर यांचा जन्म १८९८ चा, जर्मनीत कासेलजवळच्या हेल्सा गावी. वडील ल्यूथरन पंथाचे पाद्री. मुलगा घरीच प्रयोग करत बसे. मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाला तेव्हा त्याची तयारी पाहून पहिली दोन सत्रे त्याला माफ झाली. १९२० मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत, कार्ल फॉन आउवर्स यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट. पुढे फ्रांकफुर्ट, मग १९२६ पासून दहा वर्षे हायडेलबर्ग.

सुरुवातीला त्यांना धातूंत विशेष रस नव्हता. त्यांना मुक्त मूलकांचे कोडे सोडवायचे होते. कार्बन-कार्बन बंध एवढा पक्का असताना काही रेणूंत तो आपोआप का तुटतो, हा तो प्रश्न. त्यासाठी लागणारे रेणू बनवायचे तर काही इथरांवर पोटॅशियम धातूची क्रिया करावी लागे आणि वाटेत पोटॅशियमची सेंद्रिय संयुगे तयार होत. हत्यार म्हणून हाती घेतलेली वस्तूच पुढे अभ्यासाचा विषय झाली. संशोधनात हे वरचेवर घडते, पण नव्या विषयाकडे वळताना जुना हट्ट सोडून देण्याचे धाडस सगळ्यांना होत नाही.

१९२७ साली अशा एका पोटॅशियम संयुगाच्या लालभडक द्रावणात त्यांनी स्टिल्बिन घातले. स्टिल्बिनमध्ये कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो. लाल रंग गेला आणि द्रावण पिवळे झाले. धातू आणि कार्बन यांच्यातला बंध दुहेरी बंधावर जाऊन बसला होता. धातू एका कार्बनावर, सेंद्रिय भाग शेजारच्या कार्बनावर, आणि धातू अजून क्रियाशील. म्हणजे तोच खेळ पुन्हा चालू शकतो. ब्युटाडाइन घेऊन पाहिले तर तो तसा चाललाच. एकामागून एक रेणू जोडले जाऊन साखळी वाढू लागली. त्या काळी ब्युटाडाइन आणि सोडियमपासून कृत्रिम रबर बनवण्याचे उद्योग चालू होते. साखळी कशी वाढते, धातू नेमका कुठे असतो, याचे चित्र झिग्लर यांच्या कामातून स्पष्ट झाले.

मग लिथियम. लिथियमची सेंद्रिय संयुगे विल्हेल्म श्लेंक यांनी १९१७ मध्ये मिळवली होती, पण पाऱ्याच्या संयुगांमार्गे. ही वाट लांबची आणि विषारी होती. १९३० मध्ये झिग्लर यांनी दाखवले की लिथियमचे तुकडे आणि अल्किल क्लोराइड यांची सरळ क्रिया होते. आज टँकरने विकले जाणारे ब्युटिल लिथियम याच मार्गाने तयार होते. औषधे बनवणाऱ्या कारखान्यांतल्या आमच्या मंडळींचे त्याच्यावाचून पान हलत नाही आणि त्याचा जनक कोण हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. झिग्लर यांनी एवढेच केले असते तरी रसायनाच्या इतिहासात त्यांची जागा पक्की होती.

मधल्या काळात त्यांनी आणखी दोन कामे केली, त्यांचा नुसता उल्लेख करून पुढे जातो. एक, मोठी वलये बनवण्याची युक्ती. द्रावण इतके पातळ ठेवायचे की रेणूच्या एका टोकाला शेजारचा रेणू सापडतच नाही आणि ते स्वतःच्याच दुसऱ्या टोकाशी जुळते. कस्तुरीच्या वासाच्या रेणूंसाठी ही युक्ती उपयोगी पडली. दुसरे, १९४२ मधली ब्रोमिनीकरणाची पद्धत, जी अजूनही पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावावर आहे.

१९३६ मध्ये ते हाले विद्यापीठात गेले. १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, त्यांना रुर खोऱ्यातल्या म्युल्हाइमच्या कोळसा संशोधन संस्थेचे बोलावणे आले. ही कैसर विल्हेल्म सोसायटीची संस्था, पुढे माक्स प्लांक संस्था झाली. कोळसा उद्योगाच्या पैशावर ती १९१४ पासून चालत होती. तिचे पहिले संचालक फ्रान्झ फिशर यांनी हान्स ट्रॉप्श यांच्यासह कोळशापासून द्रव इंधन बनवण्याची प्रक्रिया इथेच शोधली. झिग्लर यांचे कोळशाशी काही देणेघेणे नव्हते. त्यांनी अट घातली की कार्बन संयुगांच्या रसायनात मला वाटेल ते काम करायची पूर्ण मोकळीक असेल, मग त्याचा कोळशाशी संबंध असो वा नसो. उद्योगपतींनी ती मान्य केली.

या अटीपाशी मी जरा थांबतो. आपल्याकडे संशोधन संस्थेच्या प्रस्तावात ‘अपेक्षित फलित’ असा रकाना असतो. तो भरता भरता मीही म्हातारा झालो. झिग्लर यांनी तो भरायला सरळ नकार दिला. पण त्यांच्यापाशी तेव्हा वीस वर्षांचे काम होते हेही विसरता कामा नये. मोकळीक कुणीही मागू शकतो. कोळसावाल्यांनी ती दिली ती या माणसाचे निबंध वाचून. गंमत अशी की शेवटी कोळशाने आपला वाटा मिळवलाच. रुरच्या कोकभट्ट्यांच्या वायूतून इथिलीन निघत असे. ते म्युल्हाइमला सहज मिळे, आणि झिग्लर यांचा जुना प्रश्न आता इथिलीनला विचारला जाणार होता.

युद्धानंतर त्यांनी लिथियम अल्किल घेऊन इथिलीनची साखळी वाढवण्याचा प्रयत्न पुन्हा सुरू केला. साखळी थोडी वाढे आणि मग लिथियम हायड्राइड वेगळे होऊन तळाशी बसे. खेळ खलास. त्याच सुमारास, १९४७ मध्ये, अमेरिकेत लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड हे विद्राव्य संयुग तयार झाले होते. झिग्लर यांचे सहकारी हान्स-गेऑर्ग गेलर्ट यांनी ते इथिलीनबरोबर घेऊन पाहिले. अभिक्रिया सुरेख चालली. आणि तपासताना लक्षात आले की खरे काम अॅल्युमिनियम करतो आहे, लिथियम त्यात बघ्यासारखा आहे. वीस वर्षे ज्या अल्कली धातूंच्या मागे लागले, त्यांच्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या पातेल्यातला धातू सरस निघाला.

ट्रायइथिल अॅल्युमिनियम साधारण शंभर अंश सेल्सिअसला इथिलीनच्या दाबाखाली ठेवले की प्रत्येक अॅल्युमिनियम-कार्बन बंधात इथिलीनचे रेणू एकेक करून शिरतात आणि तीन साखळ्या लांबत जातात. झिग्लर यांच्या गटाने याला ‘आउफबाऊ’ म्हणजे बांधणीची अभिक्रिया असे नाव दिले. इथेच एक मोठा उद्योग दडलेला होता. या वाढलेल्या साखळ्यांवर हवेची क्रिया केली आणि मग पाणी घातले की सरळ साखळीची अल्कोहोले मिळतात आणि त्यांपासून धुण्याचे अपमार्जक बनतात. त्या काळच्या फाटे फुटलेल्या साखळ्यांच्या अपमार्जकांमुळे युरोपातल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उठत, कारण जिवाणूंना ते पचत नसत. सरळ साखळी पचते. हे रसायन साबणाच्या पुडीपर्यंत पोचले ही गोष्ट पॉलिथिनच्या गाजावाजात हरवून गेली. मला स्वतःला हेच काम जास्त देखणे वाटते.

पण साखळी किती लांबावी याला मर्यादा होती. काही वेळाने ती अॅल्युमिनियमवरून सुटते आणि तिच्या जागी नवी सुरू होते. खूप लांब साखळी, म्हणजे खरे पॉलिमर, हाती येईना. ते का येत नाही याचा शोध चालू असताना १९५३ उजाडले.

एर्हार्ड होल्त्सकाम्प हा विद्यार्थी नेहमीचा प्रयोग करत होता. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद पात्रात, अॅल्युमिनियम अल्किल, वर इथिलीनचा दाब. अपेक्षा होती लांब साखळ्यांच्या मिश्रणाची. पात्र उघडले तर जवळजवळ नुसते ब्युटीन. इथिलीनचे दोन रेणू जुळले आणि साखळी सुटली. वाढ पहिल्याच पायरीवर थांबली होती.

आता असा प्रयोग आपल्यापैकी कुणाच्या हातून झाला तर काय होते? वहीत ‘पुनरावृत्ती करणे’ असे लिहून पात्र घासायला टाकले जाते. दुसऱ्या पात्रात प्रयोग केला, तो नीट आला, सुटलो. म्युल्हाइममध्ये उलट झाले. आधीच्या अनुभवावरून झिग्लर यांना माहीत होते की अॅल्युमिनियम अल्किल एकटे असे वागत नाही. म्हणजे तिथे दुसरे कुणीतरी आहे. ते कोण, याचा तपास सुरू झाला. पात्राची भिंत, ती धुण्याची रीत, आधी त्यात काय केले होते, सारे पाहिले गेले. गुन्हेगार सापडला तो निकेलचा अंश. पात्र निकेलयुक्त पोलादाचे होते. मग निकेल मुद्दाम घालून तोच परिणाम पुन्हा मिळवला. ‘निकेल परिणाम’ हे त्याचे नाव इतिहासात राहिले.

यानंतर जे केले गेले ते माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे आणि गोष्टीत नेमके तेच गळते. निकेल काढून टाकले, पात्र स्वच्छ केले, आता साखळी वाढवू, असे म्हणून ते थांबू शकले असते. त्यांनी विचारले, निकेल साखळी तोडते, तर इतर धातू काय करतात? आणि आवर्तसारणीतले संक्रमण धातू एकेक करून घ्यायचे ठरले. हे काम हाइन्झ ब्राइल या विद्यार्थ्याच्या वाट्याला आले. काम कंटाळवाणे होते. धातूचे क्षार घ्या, अॅल्युमिनियम अल्किलमध्ये मिसळा, इथिलीन सोडा, पात्र उघडा, लिहून ठेवा. क्रोमियमने थोडे ब्युटीन दिले आणि थोडा पांढरा घन पदार्थही दिला. झिर्कोनियमचे एक संयुग घातल्यावर मात्र पात्र पांढऱ्या घट्ट ढेपेने भरून गेले. साखळी तोडणाऱ्या धातूंची यादी करायला निघालेल्या माणसाला साखळी हवी तितकी लांबवणारा धातू सापडला.

झिर्कोनियमच्या वर, त्याच रकान्यात, टायटॅनियम बसतो. हाइन्झ मार्टिन यांनी टायटॅनियम टेट्राक्लोराइड वापरले. अभिक्रिया इतकी झपाट्याने झाली की दाबाचीच गरज उरली नाही. नेहमीच्या हवेच्या दाबाला, फळे मुरवून ठेवायच्या काचेच्या बरणीत पॉलिथिन तयार झाले. पहिला पेटंट अर्ज नोव्हेंबर १९५३ मध्ये गेला.

या बरणीचे महत्त्व कळण्यासाठी आधीची पद्धत माहीत हवी. पॉलिथिन नवे नव्हते. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या विनिंग्टन इथल्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट यांना १९३३ मध्ये ते सापडले होते, आणि तेही अपघातानेच. पुढे लक्षात आले की पात्रात शिरलेल्या ऑक्सिजनच्या अंशाने अभिक्रिया सुरू केली होती. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरचे आवरण याच पॉलिथिनचे असे. पण ते बनवायला हजाराहून अधिक वातावरणांचा दाब आणि दोनशे अंशांच्या आसपास तापमान लागे. तेवढा दाब सोसणारे पोलाद आणि तो उभा करणारी यंत्रे फार थोड्या कंपन्यांना परवडत. शिवाय त्या साखळीला वेड्यावाकड्या फांद्या फुटत, म्हणून पदार्थ मऊ आणि कमी तापमानाला वितळणारा. म्युल्हाइमची साखळी सरळ होती. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून दाटीने बसतात, म्हणून हे पॉलिथिन घट्ट, कणखर आणि उकळत्या पाण्यात न वितळणारे. ‘एचडी’ या नावाने बाजारात जे ओळखले जाते ते हेच.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की अमेरिकेत फिलिप्स कंपनीच्या होगन आणि बँक्स यांना १९५१ मध्येच क्रोमियमच्या उत्प्रेरकाने सरळ साखळीचे पॉलिथिन मिळाले होते. म्हणजे वेळ आलीच होती. झिग्लर नसते तरी प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या असत्या. मात्र फिलिप्सच्या उत्प्रेरकाचे अंतरंग दीर्घकाळ वादाचे राहिले, तर म्युल्हाइमच्या उत्प्रेरकामागे तीस वर्षांचे रसायन असल्यामुळे त्यातून एक सबंध शास्त्र वाढले.

आता इटलीकडे. मिलानचे ज्युलिओ नात्ता हे प्रशिक्षणाने रासायनिक अभियंता आणि स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासातले जाणकार. १९५२ मध्ये फ्रांकफुर्टला झिग्लर यांचे भाषण त्यांनी ऐकले आणि मोंतेकातिनी कंपनीला म्युल्हाइमशी करार करायला लावले. करारानुसार इटलीहून तरुण रसायनज्ञ म्युल्हाइमला येऊन शिकू लागले. मार्च १९५४ मध्ये नात्ता यांनी तोच उत्प्रेरक इथिलीनऐवजी प्रोपिलीनवर वापरला. प्रोपिलीनच्या प्रत्येक घटकाला एक मिथिल गट लोंबतो. नात्ता यांना स्फटिकी पॉलिमर मिळाले, आणि क्ष-किरण चित्रावरून त्यांनी ओळखले की सगळे मिथिल गट एकाच बाजूला, शिस्तीत लागले आहेत. निसर्गात रबरापासून सेल्युलोजपर्यंत अशी शिस्त असते. कारखान्यात ती प्रथमच आली. या रचनेला ‘आयसोटॅक्टिक’ हे नाव सुचवले ते नात्ता यांच्या पत्नी रोझिता यांनी.

नात्तांचा पेटंट अर्ज जून १९५४ मध्ये गेला, झिग्लर यांचा प्रोपिलीनवरचा अर्ज ऑगस्टमध्ये. झिग्लर दुखावले. ज्याला दार उघडून आत घेतले त्याने न सांगता पुढची खोली बळकावली असे त्यांना वाटले. मला विचाराल तर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. उत्प्रेरक म्युल्हाइमचा यात शंका नाही. पण म्युल्हाइमचे लक्ष प्रोपिलीनकडे उशिरा गेले आणि त्या पांढऱ्या भुकटीतली शिस्त वाचणारी नजर नात्तांकडे होती. १९६३ चे नोबेल दोघांना मिळून दिले गेले, ते योग्यच झाले. होल्त्सकाम्प, ब्राइल आणि मार्टिन यांची नावे मात्र पारितोषिकात कुठे आली नाहीत. पेटंटांवर ती आहेत.

पेटंटांचा विषय निघालाच आहे तर, अमेरिकेतल्या पॉलिप्रोपिलीनच्या पेटंटाचा वाद दीर्घकाळ चालला आणि १९८३ मध्ये ते पेटंट शेवटी फिलिप्सला मिळाले. तोवर झिग्लर हयात नव्हते. ज्यांना या रणधुमाळीत रस असेल त्यांच्यासाठी खुद्द हाइन्झ मार्टिन यांनी एक पुस्तक लिहून ठेवले आहे. झिग्लर यांचे व्यवहारज्ञान चांगले होते. अनेक देशांतल्या कंपन्यांना त्यांनी परवाने विकले, आणि विकले ते प्रयोगशाळेतले ज्ञान. कारखाना कसा उभारायचा ते तुमचे तुम्ही बघा. परवाना घेणाऱ्यांनी ते बघितलेही. त्या पैशातून संस्था अनेक वर्षे आपल्या पायांवर उभी राहिली आणि सत्तराव्या वाढदिवसाला झिग्लर यांनी संस्थेच्या संशोधनासाठी मोठा निधी दिला. ‘अपेक्षित फलित’ न लिहिणाऱ्याचे हे फलित.

सुरुवातीलाच परवाना घेणाऱ्यांत होएक्स्ट ही जर्मन कंपनी होती. तिच्याच तंत्रज्ञानावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजचा कारखाना उभा राहिला. इथिलीन शेजारच्या नोसिल कंपनीकडून येई. महाराष्ट्रात म्युल्हाइमचे रसायन असे खाडीच्या काठाने आले. पुढे पितळी घागरीच्या जागी प्लॅस्टिकची घागर आली, तागाच्या गोणीच्या जागी विणलेली पांढरी गोणी आली, आणि कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांचे सूत बदलले. डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बाईच्या मानेवरचा भार या घागरीने किती हलका केला याची नोंद रसायनाच्या कुठल्याही नियतकालिकात नाही. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्वामिनाथन शिवराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम केले.

या क्षेत्रात हाताने काम केलेल्या माणसाला अॅल्युमिनियम अल्किलचा धाक विसरता येत नाही. हवा लागली की ज्वाळा, पाणी लागले की स्फोट. आग लागली तर नळी घेऊन धावायचे नाही, कोरडी भुकटीच टाकायची, हे नव्या मुलाला पहिल्या दिवशी घोकून घ्यावे लागते. झिग्लर यांच्या विद्यार्थ्यांनी हे सारे काम निर्वात नळ्या आणि निष्क्रिय वायू यांच्या आडोशाने केले. असे हात तयार करणे हे त्या प्रयोगशाळेचे खरे भांडवल होते. झिग्लर यांच्यानंतर संचालक झालेले ग्युंटर विल्के त्याच तालमीतले. ज्या निकेलने ब्युटीन दिले, त्या निकेलच्या रसायनात त्यांनी आपली कारकीर्द घालवली.

त्या ब्युटीनचेही पुढे भाग्य उजळले. पॉलिथिनच्या सरळ साखळीत थोडे ब्युटीन मिसळले की मध्ये मध्ये आखूड फांद्या येतात आणि पातळ, चिवट फिल्म मिळते. आपल्या दुधाच्या पिशवीत ही जात असते. आता कारखाने इथिलीनपासून मुद्दाम ब्युटीन बनवतात. त्यासाठी फ्रान्समध्ये विकसित झालेल्या एका प्रक्रियेत टायटॅनियमचे संयुग आणि ट्रायइथिल अॅल्युमिनियमच वापरतात. होल्त्सकाम्पच्या पात्रातला नको असलेला माल आज मागणी नोंदवून घेतला जातो.

असाच दुसरा धक्का १९७० च्या दशकात हाम्बुर्गला बसला. हान्सयॉर्ग झिन आणि वाल्टर कामिन्स्की विद्राव्य उत्प्रेरकांवर काम करत होते. पाणी म्हणजे या उत्प्रेरकांचे विष, हे सर्वांना पाठ होते. एका प्रयोगात पाण्याचा अंश शिरला आणि जो उत्प्रेरक निपचित पडायला हवा होता तो वाघासारखा उठला. त्यांनीही पात्र घासायला टाकले नाही. पाण्याने अॅल्युमिनियम अल्किलचे मिथिल अॅल्युमिनॉक्झेन बनते आणि तेच झिर्कोनियमला जागे करते, हे त्यांनी शोधून काढले. पॉलिमरची रचना रेणूच्या पातळीवर ठरवण्याचे आजचे शास्त्र तिथून सुरू झाले.

झिग्लर स्वतः १९६९ मध्ये निवृत्त झाले. पत्नी मारिया यांच्यासह त्यांनी जमवलेली चित्रे पुढे म्युल्हाइम शहराला मिळाली. १९७२ मध्ये सूर्यग्रहण पाहायला नातवाबरोबर जहाजाने गेले असताना ते आजारी पडले आणि ऑगस्ट १९७३ मध्ये वारले.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी प्लॅस्टिकच्या कचऱ्याबद्दल विचारणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो. अपमार्जकाची आखूड सरळ साखळी जिवाणूंना पचते, पण पॉलिथिनची एवढी लांब साखळी सरळ असूनही पचत नाही. ज्या कार्बन-कार्बन बंधाच्या पक्केपणापासून तरुण झिग्लर यांनी सुरुवात केली, त्याच बंधाचा पक्केपणा इथे आड येतो. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, ती किती पाळली जाते ते मंडईत जाऊन पाहावे. रसायनाच्या बाजूने मला एवढेच सांगता येते की १९९८ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-मारी बासे आणि व्हेरॉनिक द्युफो यांनी सिलिका-अॅल्युमिनावर बसवलेल्या झिर्कोनियम हायड्राइडने, हायड्रोजनच्या साध्या दाबाखाली, दीडशे अंशांला पॉलिथिनच्या साखळ्या तोडून त्यांची लहान हायड्रोकार्बने करून दाखवली. धातू-कार्बन बंध दुहेरी बंधावर जाऊन बसतो ती पायरी त्यांनी उलटी चालवली. ब्राइलच्या पात्रात जो धातू साखळी बांधत होता, तोच इथे ती सोडवतो. गेल्या काही वर्षांत या दिशेने बरेच गट काम करत आहेत. मिश्र, मळकट, रंगवलेल्या कचऱ्यावर हे उत्प्रेरक अजून टिकत नाहीत. त्यांना काय मारते, कुठल्या अंशाने मारते, हे पात्र उघडून तपासण्याचे काम बाकी आहे.